चार नंबरच्या पिस्तुलाची पावती

केशवराव पांगरीकरांच्या घरी चहा प्यायचा तर आधी ओळख पटवावी लागते, अशी आमच्या परतुरात थट्टा चालते. थट्टा असली तरी खोटी नाही. दाराला लोखंडी जाळी आहे, जाळीला आतून कुलूप आहे. माझ्यासारखा चाळीस वर्षांपासूनचा मित्र दारात उभा असला तरी हा माणूस आधी "कोण?" म्हणतो, मग चष्मा लावून बघतो आणि मग किल्ली शोधायला आत जातो. विमलवहिनी स्वयंपाकघरातून म्हणतात, "अहो, राजानंद सर हायेत, आवाज वळखला न्हाई का?" त्यावर ठरलेलं उत्तर येतं, "आवाज कुणालाबी काढता येतो."

मुळात असे होते की नोकरीनं असे केले, कोण जाणे. जालन्याला कलेक्टर कचेरीत शस्त्र परवान्याच्या टेबलावर त्यांनी सव्वीस वर्षं काढली. त्या टेबलापुढं येणारा प्रत्येक जण माझ्या जिवाला धोका आहे म्हणत यायचा, आणि केशवराव त्याला विचारायचे, "कुणापासून?" निम्मे लोक तिथंच अडखळायचे. उरलेल्यांच्या कागदात ते खोट काढायचे. एकदा एका पुढाऱ्याच्या अर्जासोबतचा शेजाऱ्याचा दाखला त्यांनी परत केला, कारण दाखल्यावरचा शेजारी तारखेच्या आदल्या महिन्यातच वारला होता. ही गोष्ट ते अजून सांगतात, आणि सांगताना त्यांच्या तोंडावर जो आनंद असतो तो मी त्यांच्या पोरीच्या लग्नातही पाहिला नाही.

तर अशा माणसाला छंद लागला तो पिस्तुलं जमवायचा. पिस्तुलं म्हणजे कुठलीही नव्हेत. फौजेत वापरलेली, आणि कुणाच्या हातात होती, कुठल्या साली, कुठं, ह्याचे कागद सोबत असलेली. आपल्या भागातून फौजेत गेलेली माणसं कमी नाहीत. कुणी निजामाच्या पलटणीत होतं, कुणी इंग्रजांच्या, नंतर आपल्या. कुणाकुणाला परत येताना हत्यार मिळालं, परवाना मिळाला. माणूस गेला की पोरांना ते नकोसं होतं. दर वेळी नूतनीकरण, निवडणूक आली की पोलिस ठाण्यात जमा करा, परत आणा. कुणाच्या घरी काय आहे हे केशवरावांना टेबलावर बसून ठाऊक झालंच होतं. नोकरीत असताना मात्र त्यांनी एकाही हत्याराला हात लावला नाही. रिटायर झाले त्याच्या पुढच्या महिन्यात पहिल्या घराची पायरी चढले. मी एकदा खडा टाकून बघितला, "सव्वीस वर्षं नजर ठेवून होतात म्हणा की." ते हसले नाहीत. म्हणाले, "तुमाला काय म्हनायचंय ते लिहून द्या."

सात जमवली. सगळी रीतसर परवानगी काढून, नळ्या वेल्डिंगनं बंद केलेली, गोळी सुटण्याचा प्रश्नच नाही, आणि प्रत्येकाचं तसं प्रमाणपत्र फायलीला लावलेलं. गावातले लोक रिव्हॉल्व्हरलाही पिस्तूलच म्हणतात, आणि ह्या बाबतीत केशवराव गावासोबत आहेत.

त्यांची पद्धत अशी. पिस्तूल हातात घ्यायच्या आधी कागद मागायचा. कागद नसेल तर ते पिस्तुलाकडं बघतसुद्धा नाहीत. "कागदाबिगर पिस्तूल म्हंजी लोखंड. भंगारवाल्याला द्या." कागद असला की मग पिस्तुलाच्या अंगावर कोरलेल्या नंबरावर पातळ कागद ठेवून त्यावर पेन्सिल आडवी घासायची. नंबर कागदावर उतरतो. तो तुकडा जुन्या पावतीवरच्या नंबराशेजारी चिकटवायचा आणि भिंगातून एकेक आकडा ताडून पाहायचा. वाळूनं घासून बदललेला नंबर पेन्सिलीत लगेच कळतो, असं ते म्हणतात. दोन जणांना त्यांनी असं पकडलं आणि पिस्तुलासकट दारातून परत लावलं.

ह्या सातांतलं चौथं पिस्तूल त्यांचं सगळ्यात लाडकं. मंठ्याकडच्या एका पोलीस पाटलाच्या घरातून आलेलं. पाटलाला ते १९५३ साली सरकारातून मिळालं होतं आणि सोबत तहसिलीत राहिलेली मागच्या मालकाची उर्दू पावती होती. पावती वाचायला केशवरावांनी जुन्या कचेरीतल्या एका म्हाताऱ्या पेशकाराला धरलं. त्यांनी वाचलं ते असं: जमादार मीर इनायत अली, राहणार परतूर, ह्यांच्याकडून एक पिस्तूल, नंबर अमुक, राजीखुशीनं तहसिलीत जमा, तारीख ९ आजूर, सन १३५७ फसली.

निजामाच्या राज्यात सरकारी कागदावर फसली सन असायचा. तो इंग्रजीत कसा करायचा हे परवान्याच्या टेबलावर सगळ्यांना पाठ: पाचशे एक्क्याण्णव मिळवा. केशवरावांना ते त्यांच्या आधीच्या कारकुनानं शिकवलं, त्याला त्याच्या आधीच्यानं. तेराशे सत्तावन्न अधिक पाचशे एक्क्याण्णव, एकोणीसशे अठ्ठेचाळीस. आजूर म्हणजे ऑक्टोबर. ऑक्टोबर अठ्ठेचाळीस म्हणजे फौजा येऊन निजामाचं राज्य संपलं त्याच्या पुढच्याच महिन्यात. तेव्हा हत्यारं कुणाची आणि कशी जमा झाली हे मराठवाड्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पाटलाच्या घरातही तसंच सांगत आले होते, की हे रझाकाराकडून काढून घेतलेलं हत्यार. आणि राजीखुशीनं? केशवराव म्हणाले, "दारात फौज हुबी राह्यली की सगळेच राजीखुशी असतात."

मलाही ते पटलं. खरं सांगतो, मला ते आवडलं. मी शाळेत इतिहास शिकवायचो, आणि सतरा सप्टेंबरला, मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, आमच्या शाळेत दरवर्षी प्रदर्शन भरतं त्याचं काम रिटायर झाल्यावरही माझ्याकडंच आहे. २०२४ सालच्या प्रदर्शनात आम्ही ती सातही पिस्तुलं काचेखाली मांडली. पोलिसांची परवानगी, दाराशी एक शिपाई, सगळं रीतसर. चौथ्या पिस्तुलासमोरच्या कार्डावर लिहिलं होतं: "रझाकार मीर इनायत अली, रा. परतूर, याच्याकडून पोलिस ॲक्शननंतर हस्तगत, ऑक्टोबर १९४८." मजकूर केशवरावांचा आणि अक्षर माझं. माझं अक्षर चांगलं आहे. चारेकशे माणसं येऊन गेली आणि निम्म्यांनी त्याच कार्डाचा फोटो काढला.

त्यात एक साजिया होती. आमच्याच शाळेची जुनी विद्यार्थिनी, आता दुसऱ्या शाळेवर शिक्षिका आहे. ती त्या कार्डापुढं बराच वेळ उभी राहिली. मी तिला विचारलं, "काय गं, आवडलं का?" ती म्हणाली, "अक्षर तुमचं हाय ना सर?" मी हो म्हणालो, आणि ती लगेच निघून गेली. मला वाटलं घाईत असेल.

आठ दिवसांनी केशवरावांच्या जाळीपुढं एक म्हातारे गृहस्थ येऊन उभे राहिले. गयासोद्दीन. एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते, आता सत्त्याहत्तर वर्षांचे. परतुरातच दोन गल्ल्या पलीकडं राहतात, पण केशवरावांनी त्यांना जाळीतूनच विचारलं, कोण, कुठले, काय काम. ते म्हणाले, "मी साजियाचा दादा, म्हंजी आजोबा. इनायत अली माझे अब्बा. ती पावती एकदा बघू द्या."

मी तेव्हा आत बसलो होतो. केशवरावांचा चेहरा मी ओळखतो. टेबलावरच्या दिवसांतला तोच चेहरा परत आला होता. "कशाला बघायची?" त्यांनी विचारलं.

"त्यांच्या हाताची सही असंल तर बघावी म्हनलं. आन त्या कार्डावर लिहिलंय ते खरं न्हाई."

"खरं न्हाई म्हंजी? कागद हाय माझ्याकडं."

"त्योच बघू द्या म्हनून राह्यलो."

केशवरावांनी दाखवली नाही. ते गेल्यावर मला म्हणाले, "सर, तुमाला कळत न्हाई. हे वकिलाला भेटून आलेत. वारस म्हनून दावा लावतील. मूळ कागद हातात पडला की फाडून टाकतील, मंग माझ्याकडं उरलं काय?" मला त्यात तथ्य वाटलं, असं लिहिताना आज लाज वाटते. शिवाय माझ्या मनात आणखी एक गोष्ट येऊन गेली, ती सांगून टाकतो. मुलगा बापाची बाजू घेणारच, असं मी मनातल्या मनात म्हणालो. बापाला रझाकार म्हणवून घ्यायला कुणाला आवडेल?

दुसऱ्या वेळी गयासोद्दीनभाई आले तेव्हा केशवरावांनी नवी अट घातली. तुम्ही इनायत अलींचा मुलगा, हे कशावरून? आधी ते सिद्ध करा. आधार कार्ड चालणार नाही, त्यावर बापाचं नाव कुणीही काहीही सांगतं. जुना कागद आणा. शाळेचा निर्गम उतारा आणा, आणि बापाच्या नावाचा सरकारी कागद आणा ज्यात तुमचं नाव असेल. अशी अट की निम्मी माणसं तिथंच कंटाळून सोडून देतात. टेबलावर ते हेच करायचे.

गयासोद्दीनभाई मान हलवून निघून गेले.

त्या दिवशी विमलवहिनींनी त्यांना धारेवर धरलं. "गावातला मानूस, म्हातारा, उन्हात हुबा राह्यला. पान्याला तरी इचारायचं." केशवराव म्हणाले, "पानी मागितलं का त्यांनी?" वहिनी म्हणाल्या, "तुमाला मागितल्याबिगर काय देता येतंय?" मी चपला घातल्या. नवरा-बायकोच्या भांडणात तिसऱ्यानं थांबू नये.

मध्ये सात-आठ महिने गेले. मी समजलो, संपलं. केशवराव म्हणायचे, "बघा, कागद मागितला की मानूस गायब." त्यांना आपण बरोबर ठरल्याचं समाधान होतं. नंतर कळलं की गयासोद्दीनभाई तेवढे महिने उतारा शोधत होते. ज्या शाळेत ते पहिलीला होते ती कधीचीच दुसऱ्या शाळेत मिसळली होती, तिथलं जुनं रजिस्टर कुणाला सापडत नव्हतं. साजिया सुट्ट्या काढून आजोबांसोबत हिंडत होती. ह्या वर्षी मे महिन्यात एका पत्र्याच्या पेटीत रजिस्टर सापडलं आणि उतारा मिळाला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ते तिसऱ्यांदा आले. ह्या वेळी साजिया सोबत होती, आणि मलाही तिनं फोन करून बोलावलं होतं. वहिनींनी केशवरावांना न विचारता जाळी उघडली आणि सगळ्यांना पाणी दिलं.

गयासोद्दीनभाईंनी दोन कागद टेबलावर ठेवले. एक शाळेचा उतारा: गयासोद्दीन वल्द इनायत अली, जन्मतारीख २६ नोव्हेंबर १९४७. दुसरं त्यांच्या वडलांचं निजाम सरकारचं पेन्शन बुक, कापडी पुठ्ठ्याचं, उर्दूतलं. त्यातल्या घरच्या माणसांच्या यादीत शेवटची ओळ होती. गयासोद्दीनभाईंनी बोट ठेवून वाचली: "बेटा गयासोद्दीन, पैदाइश दै, तेराशे सत्तावन्न फसली."

केशवरावांनी दोन्ही कागद जवळ ओढले. चष्मा वर केला, भिंग घेतलं. आणि मग त्यांच्या तोंडावर तो आनंद आला, मेलेल्या शेजाऱ्याच्या दाखल्यावेळचा.

"उताऱ्यावर सत्तेचाळीस," ते सावकाश म्हणाले. "पुस्तकात सत्तावन्न फसली. सत्तावन्न आन पाचशे एक्क्याण्णव, अठ्ठेचाळीस. एकच मानूस दोन सालात जलमत न्हाई, भाई. ह्यातला एक कागद खोटा हाय."

साजियाचा चेहरा लाल झाला. ती काही बोलणार तोच आजोबांनी तिच्या हातावर हात ठेवला.

"केशवराव," ते म्हणाले, "दोन्ही बराबर हायेत. पाचशे एक्क्याण्णव कुनी सांगितलं तुमाला?"

"सगळेच सांगतात. हापिसात तेच चालायचं."

"हापिसात परवाना सालाचा. म्हैन्याला कोन इचारतो. फसली साल जानेवारीत लागत न्हाई. आजूरला लागतं, म्हंजी आक्टोबरात. आजूर, दै, बहमन हे तीन म्हैने इंग्रजी साल जुनंच चालू असतं, तवा पाचशे नव्वद मिळवायचे. जानेवारी लागला का मंग एक्क्याण्णव. मी दै म्हैन्यातला, म्हनून सत्तावन्न आन नव्वद, सत्तेचाळीस. अम्मी सांगायची, अब्बांनी पिस्तूल जमा केलं तवा मी पोटात होतो."

मला कळायला थोडा वेळ लागला. मी पावतीवरची तारीख मनात घोळवली. ९ आजूर १३५७. आजूर तर दैच्याही आधी. म्हणजे ऑक्टोबर सत्तेचाळीस. फौजा आल्या त्याच्या पुढच्या महिन्यात नव्हे, अकरा महिने आधी. पावतीवर राजीखुशीनं लिहिलं होतं ते अगदी तसंच होतं.

केशवरावांनी लगेच हार मानली नाही. ते उताऱ्यावर वाकले. "शाळेतल्या तारखा मास्तर लावून द्यायचे," ते म्हणाले, पण आवाज पूर्वीचा नव्हता. आणि बोलता बोलता ते स्वतःच थांबले. कारण मास्तर लावून द्यायचे ती तारीख कुठली असते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. एक जून. आमच्या पिढीतला अर्धा मराठवाडा एक जूनला जन्मला आहे. त्या टेबलावर त्यांनी अशा हजार तारखा पाहिल्या होत्या. सव्वीस नोव्हेंबर ही तारीख कुठलाही मास्तर मनानं लिहीत नाही. ती घरून कुणी लक्षात ठेवून सांगावी लागते.

ते उठले, कपाट उघडलं, चार नंबरची फाईल काढली आणि मूळ पावती गयासोद्दीनभाईंच्या पुढं ठेवली. कपाटातून टेबलावर यायला त्या पावतीला साडेआठ महिने लागले होते.

गयासोद्दीनभाईंनी ती दोन्ही हातांनी धरली. वाचत होते की नुसतं बघत होते, सांगता येत नाही. मग त्यांनी सांगितलं, हळूहळू, मधे थांबत. त्यांचे वडील निजामाच्या पलटणीतून लढाईवर गेले होते, इराक-इराणकडं. परत आले ते जमादाराची पेन्शन आणि साहेबानं दिलेलं हे पिस्तूल घेऊन. सत्तेचाळीसच्या पावसाळ्यात रझाकारांतले काही जण घरी येऊ लागले. आमच्या पोरांना कवायत शिकवा, पिस्तूल आम्हाला द्या. ते दोनदा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा यायच्या आत जाऊन त्यांनी पिस्तूल तहसिलीत जमा केलं, म्हणजे मागायला काही उरू नये. पुढच्या वर्षी फौजा आल्या तेव्हा कुणीतरी सांगितलं, ह्याच्याकडं पिस्तूल आहे. घराची झडती झाली, पिस्तूल सापडेना. जमा केलं म्हणाले तर त्यांच्याजवळची पावतीची प्रत त्या धामधुमीत गहाळ झालेली. चार महिने आत ठेवलं. सुटून आले तरी नाव पडलं ते पडलंच. त्रेसष्ट साली वारले.

"अम्मीनं, खैरुनबीनं, मरेस्तोवर सगळ्यांना सांगितलं," ते म्हणाले. "लोक म्हनायचे, बायकोच ती, ती दुसरं काय सांगनार."

मी खाली बघितलं. मुलगा बापाची बाजू घेणारच, असं मनात म्हणणारा मी.

केशवरावांनी कपाटातून ते कार्डही काढलं होतं. माझ्या अक्षरातलं. ते म्हणाले, "हे मी फाडून टाकतो. पुन्हा लागनार न्हाई."

"फाडू नका," गयासोद्दीनभाई म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा चढला. "फाडलं तर काय व्हईल? ज्यांनी वाचलं त्यांच्या डोस्क्यात तसंच राहील. अब्बाला रझाकार म्हननारे सगळे मरून गेले, केशवराव. माझ्या पोरांना, नातवंडांना आता कुनी काय म्हनत न्हाई. मला वाटलं व्हतं, माझ्याबरोबर संपलं. मंग माझी नात तुमच्या प्रदर्शनात गेली. म्हननारे गेले. लिहून ठिवनारे तुमी एकटेच निघालात."

हे शेवटचं त्यांनी रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

केशवरावांनी विचारलं, "मंग काय करू म्हनता?"

"जिथं लावलं तिथंच सांगा. तोंडानं."

गेल्या महिन्यात सतरा सप्टेंबरचं प्रदर्शन झालं. नवीन कार्ड मी लिहिलं: "जमादार मीर इनायत अली, रा. परतूर, यांनी ऑक्टोबर १९४७ मध्ये स्वखुशीने सरकारजमा केलेले." खाली केशवरावांनी माझ्याकडून आणखी एक ओळ लिहून घेतली: "गेल्या वर्षी येथे चुकीची माहिती लावली होती. चूक माझी. के. पांगरीकर." मी म्हणालो, चूक माझीही आहे. ते म्हणाले, "तुमचं फक्त अक्षर व्हतं."

सकाळी नऊला केशवराव टेबलामागं उभे राहिले. नऊ वाजून पाच मिनिटांनी गयासोद्दीनभाई आले, शाळेची एक खुर्ची ओढली आणि टेबलासमोर, चार हातांवर, भिंतीला लावून बसले. मी जवळ गेलो आणि म्हणालो, "भाई, आत ऑफिसात बसा, पंखा आहे." ते म्हणाले, "न्हाई. हितं ऐकू येतंय." मग मला कळलं. त्यांचा विश्वास नव्हता. हा माणूस लोकांसमोर खरंच सांगतो की नुसतं कार्डावर भागवतो, हे त्यांना आपल्या कानांनी ऐकायचं होतं. आणि का नसावं? त्यांना दोनदा जाळीबाहेर उभं केलं होतं. आता त्यांची पाळी होती.

माणसं आली तसं केशवराव सांगत राहिले. आयुष्यात ज्यांनी कुणासमोर माझं चुकलं म्हटलं नाही, वहिनींसमोरही नाही, ते प्रत्येक घोळक्याला पहिल्यापासून सांगत होते. "मागच्या साली हितं मी ह्यांना रझाकार लिहिलं व्हतं. ते खोटं व्हतं. सालाचा हिशोब माझा चुकला." सुरुवातीला शब्द अडत होते. मुलं हसायची, एक-दोन ओळखीच्यांनी "केशवराव, तुमी आन चूक?" म्हणून टोमणा मारला. तरी ते सांगत राहिले. प्रत्येक वेळी सांगून झालं की त्यांची नजर भिंतीकडं जायची. गयासोद्दीनभाई मान हलवत नव्हते, हसत नव्हते. नुसतं ऐकत होते, पावती ताडून पाहावी तसं.

दुपारी जेवायलाही दोघांपैकी कुणी उठलं नाही. वहिनींनी डबा पाठवला होता तो तसाच राहिला. शेवटी साडेचारच्या सुमाराला केशवरावांचा घसा बसला. आवाज फुटेना. त्याच वेळी मंठ्याकडून आलेल्या बायकांचा एक गट टेबलापुढं आला. पुढच्या बाईंनी काचेत वाकून पाहिलं आणि विचारलं, "हे पिस्तूल कुणाचं म्हनायचं?"

केशवरावांनी बोलायला तोंड उघडलं, खाकरले, पण शब्द निघाला नाही. त्यांनी भिंतीकडं हात केला.

गयासोद्दीनभाई खुर्चीवरून उठले. दिवसभर बसून गुडघे आखडले होते, त्यामुळं टेबलाचा आधार घेत पुढं आले. सत्त्याहत्तर वर्षांत हे वाक्य त्यांनी घराबाहेर कुणासमोर म्हटलं नव्हतं, हे मला साजियानं नंतर सांगितलं.

"माझ्या अब्बांचं हाय," ते म्हणाले.